लांबत जाणारा डोळा

तिसरीतल्या एखाद्या मुलाच्या वहीत फळ्यावरचे ३८ हे ३३ होऊन उतरतात आणि बाई त्याला धांदरट ठरवतात. घरी तेच मूल पुस्तक घडाघडा वाचते, जमिनीवर पालथे पडून मुंग्यांची रांग न्याहाळते, त्यामुळे आईवडिलांनाही शंका येत नाही. मूल स्वतः तक्रार करत नाही, कारण फळा सगळ्यांनाच असा धुरकट दिसत असणार असे ते धरून चालते. नीट पाहिले तर एवढेच लक्षात येते की लांबचे पाहताना ते डोळे किलकिले करते. पापण्यांची फट अरुंद झाली की डोळ्यात शिरणारी प्रकाशशलाका बारीक होते आणि पुसट अक्षर तेवढ्यापुरते जरा उठून दिसते. ‘मायोपिया’ हा शब्दही डोळे मिटणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरूनच आला आहे. पाठ्यपुस्तकात त्याला निकटदृष्टिता म्हणतात, घरात ‘मायनस नंबर’.

या नंबराला आपण ‘नजर कमजोर होणे’ म्हणतो, पण मुलांच्या बाबतीत तो बहुधा वाढीचा प्रश्न असतो. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा २३ ते २४. बहुतेक बाळे थोडा प्लस नंबर घेऊन जन्मतात. पुढे पारपटल (डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा) आणि नेत्रभिंग यांची ताकद आणि डोळ्याची लांबी यांचा मेळ हळूहळू असा बसत जातो की लांबच्या वस्तूची प्रतिमा नेमकी दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावर, पडावी. पहिलीत जाणाऱ्या मुलाजवळ थोडा प्लस नंबर अजून शिल्लक असणे चांगले. ही शिल्लक पाऊण डायॉप्टरपेक्षा (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) कमी उरली असेल, तर पुढच्या काही वर्षांत मायनस नंबर लागण्याची शक्यता बरीच वाढते. मग डोळा गरजेपेक्षा लांब होऊ लागतो, प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते, आणि एका मिलिमीटरच्या जादा लांबीमागे अडीच किंवा त्याहून थोडा अधिक नंबर पडतो. वजा एक नंबर असलेल्या मुलाला चष्म्याशिवाय एक मीटरपलीकडचे सारे पुसट दिसते, वजा दोन असेल तर अर्ध्या मीटरपलीकडचे. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, म्हणून गाजराचा रस किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी चष्मा सुटेल ही आशा मला पालकांना द्यावीशी वाटत नाही.

डोळ्याला किती वाढायचे हे कोण सांगते? १९७७ साली टॉर्स्टन वीझल आणि एलिओ राव्हिओला या शास्त्रज्ञांनी दाखवले की माकडाच्या पिलाच्या पापण्या शिवून टाकल्या, म्हणजे त्याला स्पष्ट प्रतिमाच मिळू दिली नाही, तर तो डोळा लांबत जातो. पुढच्या दशकात कोंबडीच्या पिलांवर झालेले प्रयोग त्याहून बोलके आहेत. पिलाच्या डोळ्यासमोर मायनस भिंग बसवले की प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे सरकते आणि काही दिवसांतच डोळा तिला गाठायला मागे वाढतो. प्लस भिंग बसवले की वाढ मंदावते. अर्धेच दृश्य झाकले, तर डोळ्याचा तेवढाच अर्धा भाग फुगतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस तोडली तरीही झाकलेला डोळा लांबतोच. म्हणजे प्रतिमा कुठे पडते हे दृष्टिपटल स्वतः ताडते आणि बाहेरच्या कवचाला वाढीचे निरोप स्वतःच धाडते. पिलाचा तो इवलासा डोळा मेंदूला न विचारता एवढा हिशेब करतो, हे वाचून मी पहिल्यांदा थक्क झालो होतो.

आनुवंशिकता आहेच; आईवडील दोघांनाही मायनस नंबर असेल तर मुलाला तो लागण्याचा संभव जास्त. पण दोन-तीन पिढ्यांत आशियातल्या शहरांमध्ये चष्मेवाल्या मुलांची संख्या जी भराभर वाढली, ती केवळ जनुकांनी समजावता येत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिनी वंशाच्याच, सहा-सात वर्षांच्या मुलांची दोन शहरांत तुलना केली गेली. सिंगापूरमध्ये त्यांतल्या २९.१ टक्के मुलांना निकटदृष्टिता होती, सिडनीमध्ये फक्त ३.३ टक्के. वाचन सिडनीतल्या मुलांचेही कमी नव्हते. ठळक फरक होता तो मोकळ्यावर घालवलेल्या वेळेचा: सिडनीत आठवड्याला सुमारे पावणेचौदा तास, सिंगापुरात जेमतेम तीन.

हा योगायोग नव्हता, हे चीनमधल्या ग्वांगझो शहरात तपासले गेले. तिथल्या १२ प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला, बाकीच्या शाळांचे वेळापत्रक तसेच ठेवले. तीन वर्षांनी मैदानावर गेलेल्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना मायनस नंबर लागला होता, बाकीच्यांपैकी ३९.५ टक्क्यांना. शंभरांतली नऊ मुले वाचली, तीही कोणत्याही औषधाशिवाय. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि तोवर सतत चढत गेलेले कमी दिसणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१२ मधल्या ४९.४ टक्क्यांवरून २०१५ पर्यंत ४६.१ टक्क्यांवर उतरले.

यामागचे मुख्य कारण प्रकाश असावा, असे बहुतेक संशोधक मानतात. चांगला उजेड असलेल्या वर्गातही ३०० ते ५०० लक्सच (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो. उघड्यावर तो दहा हजारांच्या पुढे आणि भर उन्हात लाखाच्या घरात जातो. प्रखर प्रकाशात दृष्टिपटल डोपामिन हे रसायन अधिक सोडते आणि डोपामिन डोळ्याच्या वाढीला लगाम घालते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसते. त्यासाठी मुलाला एप्रिलच्या दुपारी नागपूरच्या उन्हात उभे करण्याची मुळीच गरज नाही. झाडाच्या सावलीतही वर्गाच्या कित्येक पट उजेड असतो, आणि सकाळची शाळा सुटल्यावरचा किंवा संध्याकाळचा तास चालतो. दिल्लीच्या शाळांतल्या पाहणीतही रोज दोन तासांहून अधिक वेळ बाहेर खेळणाऱ्या मुलांत निकटदृष्टिता कमी आढळली. म्हणूनच परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची आपल्या शाळांतली सवय मला फार खटकते.

उलट बाजूचा पुरावा टाळेबंदीने दिला. चीनच्या शानडोंग प्रांतातल्या फेइचेंग या शहरात शाळकरी मुलांची दरवर्षी तपासणी होत असे. २०१५ ते २०१९ या काळात सहा वर्षांच्या मुलांमधले निकटदृष्टितेचे प्रमाण ५.७ टक्क्यांच्या वर कधी गेले नव्हते. २०२० मध्ये ते २१.५ टक्के निघाले. ही मोजणी डोळ्यांत ड्रॉप न टाकता झाली होती (ते का टाकतात हे पुढे येईलच), त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असू शकतो. पण सर्वांत मोठी उडी सर्वांत लहान मुलांतच होती आणि मोठ्या मुलांत ती जवळजवळ नव्हती. चष्मा जितका लवकर लागतो, तितकी त्याच्या वाढीची वर्षे जास्त, आणि नंबर वजा सहाच्या पुढे गेला की पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू आणि मध्यवर्ती दृष्टी जाणे यांचा धोका वाढतो. पहिली ते चौथीची वर्षे म्हणूनच मोलाची.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूत मात्र सोडायला हवी. मलेशियातल्या ९ ते १४ वर्षांच्या मुलांवरच्या अभ्यासात काहींना मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिला, तर त्यांचाच नंबर पूर्ण नंबराचा चष्मा घातलेल्यांपेक्षा अधिक वाढला. नंबर काढताना डॉक्टर ड्रॉप टाकून बाहुली मोठी करतात आणि मुलाला दिवसभर जवळचे धूसर दिसते, म्हणून काही पालक कुरकुरतात. पण लहान मुलाचे भिंग जवळ पाहण्यासाठी सहज आवळले जाते आणि नसलेला मायनस नंबर दाखवते. ड्रॉपने ते सैल पडल्यावरच खरा आकडा कळतो.

आता वाढणारा नंबर धीमा करण्याचे उपायही आहेत. धोतऱ्यातही आढळणाऱ्या ॲट्रोपीन या द्रव्याचे अतिशय सौम्य थेंब रोज रात्री घालणे हा एक. हाँगकाँगमध्ये ४ ते १२ वर्षांच्या मुलांवर केलेल्या चाचणीत ०.०५ टक्के तीव्रता सर्वांत गुणकारी ठरली. दुसरा उपाय खास काचांचा, ज्यांच्या कडेला शेकडो सूक्ष्म भिंगे असतात आणि ती कोंबडीच्या पिलांनी शिकवलेलेच तत्त्व वापरून डोळ्याला थांबण्याचा निरोप देतात. दोन्ही उपाय नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचे, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करायची.

शाळेतल्या तपासणीची वाट पाहायचीही गरज नाही. खोलीच्या एका टोकाला मुलाला उभे करावे आणि समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या तारखा वाचायला सांगाव्यात, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. बोटांच्या फटीतून ते हमखास पाहते, म्हणून तळवा आपणच धरावा. दोन्ही डोळ्यांनी भराभर वाचणारे मूल उजवा डोळा झाकताच अडखळले, तर डावा डोळा कित्येक महिने मागे पडला असण्याची शक्यता आहे, आणि ते त्याला स्वतःलाही त्याच क्षणी कळते.