डाय प्लेट फिरत नाही? आधी काय अडलंय ते बघा

सांगलीत जुनं स्टेकिंग टूल (घड्याळ दुरुस्तीचं एक हत्यार) घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: हे २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालं होतं का? बुडालं असेल तर आत बारीक गाळ असणार. तशीच प्लेट फिरवली तर तो गाळ पॉलिशपेपरसारखा पृष्ठभाग घासतो. म्हणून आधी रॉकेल आणि मऊ ब्रशने गाळ धुऊन काढायचा, जोर नंतर.

घड्याळातल्या बॅलन्सच्या (मागे-पुढे झुलणाऱ्या) चाकात नवा स्टाफ, म्हणजे त्याचा बारीक आस, रिव्हेट करायचं हे हत्यार. वरून पंच सरळ खाली येतो, खाली भोकांची गोल डाय प्लेट असते. हवं ते भोक पंचाखाली आणून प्लेट कसायची. पहिली तपासणी त्या कसण्याचीच: स्क्रू किंवा खटका मोकळा आहे ना? कसलेल्या प्लेटशी झटापट करणारे कमी नाहीत.

मग कडेला टाचणीने खरवडून बघा. तपकिरी, चिवट खपली निघाली तर ते सुकलेलं तेल. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्याचं वार्निश होतं. लालसर भुकटी निघाली तर गंज. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे मिलिमीटरच्या काही शतांश भागांची फट सहज गच्च होते.

वार्निशला रॉकेलमध्ये रात्रभर भिजत ठेवणं बहुधा पुरतं. गंजासाठी अ‍ॅसिटोन आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल (एटीएफ) निम्मं-निम्मं. दोन्ही वेगळी होतात, म्हणून दर वेळी हलवून कडेला दोन-तीन थेंब सोडा आणि दिवसभर थांबा. अ‍ॅसिटोन पूर्ण उडून गेल्याशिवाय उष्णता देऊ नका, ते पेट घेतं. मग हेअर ड्रायरने फक्त बाहेरची बॉडी हाताला जेमतेम सोसेल इतकी तापवा. बॉडी आणि प्लेट दोन्ही पोलादी असल्यामुळे सगळंच तापलं तर फट वाढत नाही. मोठ्या भोकात पितळी सळई घालून प्लेट मागे-पुढे हलवा, एका दिशेने रेटू नका.

गॅसची बर्नर ज्योत मात्र नकोच. साधारण २२० अंशांना कडक पोलाद पिवळसर पडतं, ३०० च्या आसपास निळं. तोवर त्याचा कडकपणा उतरलेला असतो. लिंबूसताचं पाणीही टाळावं, कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. अडकलेला पंच काढताना वरचा दांडा खालून टेकू देऊन धरा, नाहीतर ठोक्याने तोच वाकतो, आणि वाकलेला दांडा पुन्हा अचूक सरळ करणं जवळपास अशक्य.

सुटल्यावर पॉलिशपेपरचा मोह होतो. पंचाचं भोक आणि प्लेटची बैठक घासायची नाही. तिथे थोडं धातू गेलं की पंच हलतो आणि केंद्र चुकतं. तेल लावलेली ०००० नंबरची स्टील वूल बाहेरच्या भागाला, आणि भोकांना बांबूची टोकदार काडी. मग पेट्रोलने धुऊन, पुसून पातळ मशीन ऑइलचा हलका हात.

शेवटी सेंटरिंग पंच एका भोकात उतरवा, प्लेट कसा आणि पंच पुन्हा वर-खाली करा. अटकला तर कसताना प्लेट सरकते आहे, नाहीतर पंचाचं टोक बिघडलं आहे. स्टाफचा पिव्हट (टेकायचं टोक) जेमतेम ०.१ मिमी जाडीचा, त्याला एवढी चूकही झेपत नाही.

पावसाळ्यात पंच मखमलीच्या लाकडी पेटीत ठेवू नका. मखमल ओल धरते आणि काही लाकडांतून आम्लयुक्त वाफ निघते. पत्र्याचा डबा आणि सिलिका जेलची पुडी चालेल.