चारशे मीटर चढून येणारी नर्मदा

मोठी शहरं मोठ्या नद्यांच्या काठी वाढतात, असं आपण शाळेत शिकतो. माळव्यात उलटं झालं. अहिल्याबाईंचं महेश्वर ऐन नर्मदाकाठी, पण ते छोटं गावच राहिलं. आणि खान-सरस्वती या जेमतेम नद्यांवरचं इंदूर मध्य प्रदेशातलं सर्वांत मोठं शहर झालं. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे आली, हे कारण आपल्याकडे घरोघरी सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण नुसत्या राजधानीवर शहर दोनशे वर्षं वाढत राहत नाही. बाकीचं कारण पायाखाली आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. तो काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, झिजून माळव्याची काळी माती झाली. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मधले महिने ओल धरून ठेवते. त्यामुळे विहीर नसलेल्या शेतातही नुसत्या ओलीवर हरभरा आणि गहू पिकत आले. कापूस आणि अफूने व्यापार आणला. उत्तरेतून दख्खनला जाणारी वाटही याच सपाट पठारावरून जायची. माल आणि वाट दोन्ही असल्यावर बाजार उभा राहायला वेळ लागत नाही. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इथल्या शेती संशोधन संस्थेत कापसावर काम करायला आले, आणि त्यांनी बसवलेली कंपोस्टची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली.

हवेचाही वाटा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, खाली नर्मदेची पातळी दीडशेच्या आसपास. किलोमीटरभर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. या हिशोबाने खालच्या नर्मदाकाठच्या निमाडपेक्षा आपण दोन-अडीच अंश गार. माळव्याच्या रात्रींचं कौतुक उगाच होत नाही.

पण माती देणाऱ्या त्याच दगडाने पाण्याचा हात आखडता घेतला. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही; ते राहतं भेगांत, नाहीतर दोन थरांमधल्या झिजलेल्या पट्ट्यात. म्हणून एकाच गल्लीत एका घराच्या बोअरिंगला पाणी लागतं आणि शेजारचं कोरडं जातं. त्यात शहर वसलंय पाणलोटाच्या माथ्याजवळ. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते. विंध्याच्या कड्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस नर्मदेला मिळतो, उत्तरेचा चंबळकडे वाहतो. उगमापाशी नदी मोठी असणार तरी कशी? बिलावली आणि सिरपूरचे तलाव, गंभीर नदीवरचा यशवंत सागर, एवढ्यावर वाढत्या शहराचं भागेना. १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले आणि १९७८ मध्ये ते पाणी शहरात पोचलं.

ते पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पंपांनी चढवलं जातं. हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला, पंप आणि नळांतली तूट धरलीच नाही तरी, एक युनिटहून थोडी जास्त वीज लागते. घराच्या हौदात पाच हजार लिटर मावत असतील, तर तो एकदा भरताना निव्वळ चढणीसाठी साडेपाच युनिट गेले. बऱ्याच वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो, त्यामागे हा चढही आहे.

पुढचा प्रवास तर मला थक्क करतो. खंबातच्या आखातात जायला निघालेली नर्मदा आपल्या मोरीतून खान नदीत उतरते. तिथून शिप्रा, चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराकडे वळते. पण खानचं पाणी मैलं असतं, आणि ती शिप्रेला मिळते उज्जैनच्या थोडं अलीकडेच. हे दुखणं आपण खालच्या गावाला देतो आणि त्याचा खर्च दोनदा होतो. शिप्रेत पाणी असावं म्हणून २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी पंपांनी चढवून तिच्या उगमाशी सोडलं गेलं. आणि २०१६च्या सिंहस्थाआधी, नर्मदेचंच वापरलेलं पाणी पोटात घेऊन येणारी खान उज्जैनच्या घाटांपासून दूर ठेवायला वेगळी भूमिगत जलवाहिनी टाकावी लागली.