चूक सापडली की यंत्र थांबवायचं का?

सोलापुरात यंत्रमागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या माणसाला माग कधी थांबवायचा हे कुणी शिकवावं लागत नाही. आडवा धागा तुटला की एक छोटा काटा ते ओळखतो आणि माग आपोआप बंद होतो. उभा धागा तुटला तर साध्या मागावर सगळी भिस्त कामगाराच्या नजरेवर. ती चुकली की टॉवेलवर सरळ रेघ उमटत जाते आणि माल ‘सेकंड’, म्हणजे दुय्यम दर्जात निघतो. माग सारखा थांबला तर उत्पादन बुडतं, थांबलाच नाही तर कापड वाया जातं. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नेलबद्दल नेमका हाच वाद वर्षानुवर्षं चालू आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटात हेच कर्नेल असल्यामुळे तो आपल्या खिशापर्यंत पोचतो.

कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर काय लिहायचं, कुठल्या प्रोग्रॅमला कधी पाळी द्यायची, हे सगळं ते ठरवतं. एखादं ॲप कोसळलं तर कर्नेल ते आवरून घेतं. पण खुद्द कर्नेलच चुकलं तर त्याला आवरायला वर कुणीच नसतं.

समजा, एखाद्या ड्रायव्हरने (एखादं उपकरण चालवणाऱ्या कर्नेलमधल्या कोडने) चुकून शून्य या पत्त्यावरची मेमरी वाचायला घेतली. प्रोसेसर नकार देतो. कर्नेल त्या क्षणाची स्थिती, म्हणजे प्रोसेसरच्या रजिस्टरमधले (आतल्या छोट्या कप्प्यांतले) आकडे आणि कुठल्या फंक्शनमधून कुठे गेलो त्याची साखळी, नोंदवून ठेवतं, तो प्रोग्रॅम मारतं आणि शक्य असेल तर पुढे चालू लागतं. याला ‘ऊप्स’ म्हणतात. मात्र मेलेल्या प्रोग्रॅमने, एखादी गोष्ट एका वेळी एकानेच वापरावी म्हणून, तिला कुलूप लावलेलं असेल तर ते उघडायला आता कुणी नाही. त्या कुलपासाठी थांबलेले बाकीचे प्रोग्रॅम थांबलेलेच राहतात. माउस हलतो, पण फाइल उघडत नाही. यंत्र धड जिवंतही नाही आणि धड मेलेलंही नाही.

दुसरी वाट ‘पॅनिक’ची. कर्नेल सगळंच थांबवतं आणि शेवटची ओळ लिहितं: ‘कर्नेल पॅनिक – नॉट सिंकिंग’. मेमरीत साठलेला, डिस्कवर अजून न गेलेला डेटा आता मी लिहिणार नाही, असं ते सांगतं. बिघडलेल्या मेमरीवर विश्वास ठेवून डिस्क बिघडवण्यापेक्षा शेवटचा थोडा डेटा गेलेला बरा, असा त्यामागचा विचार आहे आणि मला तो पूर्ण पटतो.

वाद आहे तो ही वाट कुणी निवडायची, याचा. कोड लिहिणारा ‘बग-ऑन’ नावाची तपासणी घालू शकतो: अमुक गोष्ट कधीच घडू नये, घडली तर तिथेच थांब, मग यंत्र गोठलं तरी चालेल. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा याला कडक विरोध आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कर्नेलची ४.८ ही आवृत्ती आल्याआल्या अशाच एका तपासणीवरून त्यांनी जाहीर संताप व्यक्त केला होता. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा आहे. यंत्र जागीच गोठलं तर वापरणारा वैतागून पॉवरचं बटण दाबतो आणि चुकीचा पुरावाही त्याबरोबर जातो. इशारा नोंदवून पुढे गेलं तर निदान तक्रार तरी पोचते. आता कर्नेलच्या अधिकृत नियमांतही हेच लिहिलं आहे: नवा ‘बग-ऑन’ घालू नका, नुसता इशारा नोंदवणारा ‘वॉर्न-ऑन’ वापरा.

पण चालत राहण्यालाही किंमत मोजावी लागते, आणि या वादातला सगळ्यात सुंदर मुद्दा मला इथेच दिसतो. एखादी वस्तू किती जण वापरतायत याचा मोजणीदार कर्नेल ठेवतं. ऊप्समध्ये प्रोग्रॅम मेला तर त्याने वाढवलेला आकडा कमी करायचा राहून जाऊ शकतो. एकदा झालं तर काही बिघडत नाही. पण हल्लेखोराने मुद्दाम तोच ऊप्स पुन्हा पुन्हा घडवला तर? ३२ बिटांचा मोजणीदार सुमारे ४२९ कोटींनंतर भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. कर्नेलला वाटतं, ही वस्तू आता कुणालाच नको. ते ती मेमरी दुसऱ्याला देऊन टाकतं, आणि हल्लेखोराच्या हाती जुनी किल्ली तशीच राहते. सुरक्षा संशोधक यान हॉर्न यांनी हिशेब मांडला: साध्या संगणकावर हे ८ ते १२ दिवसांत जमू शकतं. म्हणून २०२३ च्या ६.२ आवृत्तीपासून मर्यादा आली. १०,००० ऊप्स झाले की पॅनिक.

उलट बाजूचा धडा १९ जुलै २०२४ ला मिळाला. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. त्यांतली कित्येक सुरू होताना पुन्हा त्याच जागी पडत राहिली, माणसाने हात लावेपर्यंत. चूक सुरुवातीच्याच वाटेवर असेल तर थांबून पुन्हा सुरू होण्यानं काही साधत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. चूक ओळखणं हे कोड लिहिणाऱ्याचं काम. थांबायचं की नाही हा निर्णय यंत्राच्या मालकाचा. चादरींच्या ऑर्डरी आणि उधारी एकाच संगणकावर असतील तर चुकीचा आकडा लिहिला जाण्यापेक्षा तो थांबलेला परवडला. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या गर्दीवर लक्ष ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर मात्र गोठून चालणारच नाही. फ्लोरिडात किंवा फिनलंडमध्ये बसून ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हा फरक कसा कळावा? लिनक्समध्ये त्यासाठी सेटिंग आहेत. ऊप्स झाला की पॅनिक करायचं का, साध्या इशाऱ्यावरही करायचं का, हे मालक ठरवू शकतो. ‘पॅनिक’ या सेटिंगमध्ये मुळात ० असतो, म्हणजे कुणी येईपर्यंत तसंच पडून राहा. तिथे १० लिहिलं तर दहा सेकंदांनी यंत्र आपणहून पुन्हा सुरू होतं.

थांबताना पुरावा मात्र मागे राहिलाच पाहिजे. २००५ पासून त्यासाठी केडम्प आहे, आणि तो घडवण्यात आयबीएमच्या भारतातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. मेमरीचा एक कोपरा आधीच राखून तिथे दुसरं छोटं कर्नेल ठेवायचं. पहिलं कोसळलं की दुसरं जागं होतं आणि पहिल्याची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरवतं. घरच्या संगणकासाठी २०२४ अखेरच्या ६.१२ आवृत्तीत आणखी सोपी सोय आली: कोसळताना पडद्यावर क्यूआर कोड दाखवायची. फोनने तो टिपला की नोंद हातात येते.

रेकॉर्डर किंवा सर्व्हर बसवून घेताना बसवणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा: अडकला तर आपला आपण उठेल का, आणि का अडकला त्याची नोंद कुठे सापडेल?