तेरा तारखेला उघडी पडणारी चूक: क्वेरीतल्या तारखांची पार्श्वभूमी

स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, रोज रात्री आपोआप चालते, क्वेरी, म्हणजे नोंदी मागणारी लेखी आज्ञा, पाठवून त्या दिवसाच्या नोंदी डेटाबेसमधून काढते आणि अहवाल तयार करते. महिन्याचे पहिले बारा दिवस सगळं सुरळीत. १३ तारखेला ती 'तारीख मर्यादेबाहेर आहे' अशी एरर देऊन थांबते, आणि सगळे शोधायला लागतात की आज नेमकं काय बदललं. बदललेलं काहीच नसतं. स्क्रिप्ट दिवस आधी लिहीत होती आणि डेटाबेस महिना आधी वाचत होता. ०३/०४ ही तीन एप्रिल म्हणून पाठवलेली तारीख चार मार्च म्हणून वाचली जात होती, आणि दोन्ही तारखा कॅलेंडरात असल्यामुळे कोणी ओरडलं नाही. तेरावा महिना नसतो, म्हणून १३ तारखेला ओरड झाली.

माझ्या एका स्क्रिप्टमध्ये हेच घडलं होतं. मी १३ तारखेची एरर दुरुस्त केली आणि काम संपलं असं समजलो. आधीच्या दिवसांचे अहवाल चुकीच्या नोंदींवर बनले आहेत, हे नंतर कळलं. त्या बारा दिवसांत फक्त एक अहवाल बरोबर होता: दिवस आणि महिना यांचा आकडा एकच होता तो, चार एप्रिलचा. तेव्हापासून तारखेची एरर दिसली की मी आधी मागच्या, एरर न देणाऱ्या दिवसांकडे बघतो.

हा गोंधळ इतका चिवट का आहे, हे त्याचा क्रम पाहिला की समजतं. १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवण्याची पद्धत, मांडलं. १९७४ मध्ये आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यावरची क्वेरी भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. १९८६ मध्ये तिचं पहिलं अमेरिकन प्रमाणक आलं, पण त्यात तारखेचा प्रकारच (तारीख तारीख म्हणून साठवण्याची सोय) नव्हता! डेट, टाइम आणि टाइमस्टॅम्प प्रमाणकात आले ते १९९२ च्या आवृत्तीत. वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठरवणारं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणकसुद्धा १९८८ चं. तोवर ओरॅकल, डीबी-टू, सायबेस ही डेटाबेसची उत्पादनं बाजारात आली होती. ग्राहकांना तारखा हव्याच होत्या, म्हणून प्रत्येकाने आपापला प्रकार आणि आपापली वाचण्याची रीत तयार केली. प्रमाणक येईपर्यंत त्या रीतींवर हजारो प्रोग्रॅम उभे होते, त्यामुळे त्या मोडणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

ओरॅकलची रीत दिवस, महिन्याच्या नावाची तीन अक्षरं आणि दोन आकडी वर्ष अशी. महिना अक्षरांत असल्याने दिवस-महिन्याची अदलाबदल टळली, हा मोठा फायदा. पण महिन्याचं नाव सेशनच्या, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या, भाषेवर अवलंबून राहिलं. इंग्रजी सेशनमध्ये चालणारी 'डीईसी' जर्मन सेशनमध्ये चालत नाही, कारण तिथे डिसेंबरचं लघुरूप 'डीईझेड' आहे. एप्रिल, ऑगस्ट, नोव्हेंबर मात्र दोन्हीकडे सारखे. म्हणजे चूक काही ठरावीक महिन्यांतच डोकं वर काढणार. शिवाय ओरॅकलच्या डेट प्रकारात तास, मिनिटं, सेकंदही असतात. 'आजच्या तारखेच्या नोंदी' बरोबरीच्या चिन्हाने मागितल्या, तर मध्यरात्रीच्या नेमक्या क्षणाच्या तेवढ्या मिळतात, आणि माणूस फॉरमॅटमध्ये दोष शोधत बसतो.

मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस सायबेसच्या वंशातला. त्याचा जुना डेटटाइम प्रकार १ जानेवारी १७५३ पासून सुरू होतो. ब्रिटनने आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला; ती भानगड टाळण्यासाठी त्यानंतरचं पहिलं पूर्ण वर्ष निवडलं गेलं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा प्रकार मजकुरातली तारीख लॉगिनच्या (डेटाबेसमध्ये शिरणाऱ्या खात्याच्या) भाषेनुसार वाचतो. अमेरिकन इंग्रजी असेल तर महिना आधी, ब्रिटिश असेल तर दिवस आधी. तीच क्वेरी, तोच सर्व्हर. लॉगिन बदललं की उत्तर बदलतं. त्यातही सगळ्यात फसवा भाग पुढे आहे. ब्रिटिश भाषेच्या लॉगिनखाली '२०२४-०३-०४' ही निर्धोक वाटणारी तारीखसुद्धा जुना डेटटाइम वर्ष-दिवस-महिना अशी वाचतो, म्हणजे तीन एप्रिल. मधल्या रेघा काढून सलग आठ आकडे लिहिले, '२०२४०३०४', तर ती कोणत्याही भाषेत चार मार्चच राहते.

मायक्रोसॉफ्टच्याच अॅक्सेस या छोट्या डेटाबेसमध्ये तारीख हॅशच्या (#) चिन्हांमध्ये लिहितात आणि ती अमेरिकन क्रमाने वाचली जाते, संगणकाची प्रादेशिक सेटिंग काहीही असो. महिन्याच्या जागी १३ किंवा मोठा आकडा आला, तर अॅक्सेस एरर न देता दिवस-महिना गुपचूप उलटवून घेतं. ही मदत नाही, घात आहे. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतले अकरा चुकीचे आणि उरलेले बरोबर, आणि कुठेही एरर नाही.

नव्वदच्या दशकात व्हीबीस्क्रिप्ट ही मायक्रोसॉफ्टची स्क्रिप्ट भाषा आणि तिच्यावर चालणारी सर्व्हरवरची पानं आली, तेव्हा हा प्रश्न घरोघरी पोचला. क्वेरी म्हणजे मजकूर, तारीख त्यात जोडचिन्हाने चिकटवायची, एवढीच सवय होती. चिकटवताना तारखेचा मजकूर होतो, आणि तो स्क्रिप्ट चालवणाऱ्या खात्याच्या प्रादेशिक सेटिंगनुसार होतो. स्वतः चालवली की बरोबर. शेड्युलरने (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) सर्व्हिस खात्याखाली चालवली की चूक. युनिक्सकडेही तेच. आपल्या टर्मिनलमध्ये ब्रिटिश लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) असतं, क्रॉनला (युनिक्सच्या शेड्युलरला) ते बहुधा मिळत नाही, आणि डेट कमांडकडून लोकेलनुसार तारीख मागितली असेल तर रात्री महिना आधी येतो. पॉवरशेल या मायक्रोसॉफ्टच्या स्क्रिप्ट भाषेने तर स्वतःतच दोन रीती ठेवल्या. दुहेरी अवतरणात घातलेली तारीख ठरावीक अमेरिकन धाटणीत उतरते, पण तिच्यावर टू-स्ट्रिंग (मजकुरात बदलणारी आज्ञा) चालवलं तर ती खात्याच्या सेटिंगनुसार उतरते.

दोन आकडी वर्षाचा वारसा आणखी जुना, ८० रकान्यांच्या पंच कार्डांचा. तिथे प्रत्येक रकाना मोलाचा होता. २००० सालाची धास्ती ओसरली, तरी 'कोणत्या शतकातलं' हा अंदाज शिल्लक आहे. एसक्यूएल सर्व्हर मुळात ४९ पर्यंतचे आकडे या शतकातले मानतो. अॅक्सेसच्या जुन्या जगात ही सीमा २९ होती. कर्जाची मुदत संपण्याचं वर्ष '३५' लिहिलं असेल, तर एकीकडे २०३५ आणि दुसरीकडे १९३५.

उपाय उशिरा आला असंही नाही. १९९२ च्या प्रमाणकात डेट हा शब्द पुढे लावून तारीख लिहायची सोय होती, आणि ओडीबीसीने (प्रोग्रॅम आणि डेटाबेस जोडणाऱ्या सामाईक रीतीने) महिरपी कंसातली स्वतःची खूण दिली होती. खरी सुटका पॅरामीटरमध्ये आहे. क्वेरीत जागा मोकळी ठेवायची आणि तारीख तारखेच्याच प्रकारात वेगळी पाठवायची. मजकूरच होत नाही, मग तो कोणी कसा वाचायचा हा प्रश्न उरत नाही. एसक्यूएल इंजेक्शनपासून (क्वेरीत परकी आज्ञा घुसडण्यापासून) बचाव म्हणून पॅरामीटर शिकवतात, ते योग्यच. पण तारखांसाठी मी तितक्याच आग्रहाने सांगेन. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस मात्र वेगळा. त्यात तारखेचा प्रकारच नाही, तारीख मजकूर किंवा आकडा म्हणून साठते, त्यामुळे वर्ष-महिना-दिवस ही शिस्त आपणच पाळावी लागते.

पॅरामीटर वापरूनही एक जागा उरते, ती कालावधीच्या शेवटाची. महिनाअखेरपर्यंतच्या नोंदी हव्यात म्हणून अनेकजण २३:५९:५९.९९९ लिहितात. जुना डेटटाइम सेकंदाचे तीनशे भाग करतो, त्यामुळे .९९९ हा आकडा जवळच्या भागात ढकलला जातो आणि थेट दुसऱ्या दिवसाची मध्यरात्र होते. पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या नेमक्या मध्यरात्रीच्या नोंदी या महिन्यात येतात. 'पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधी' असं लिहिलं की हे होत नाही.

२००८ च्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेट आणि डेटटाइम-टू हे नवे प्रकार आले, आणि ते रेघांची वर्ष-आधी तारीख कोणत्याही भाषेत सरळ वाचतात. जुन्या डेटटाइमची रीत मात्र तशीच ठेवली आहे. मजकुरातली तारीख कोणत्या कॉलमशी ताडली जाते, त्या कॉलमच्या प्रकारानुसार ती वाचली जाते; म्हणून अशी क्वेरी हाती आली की मी आधी कॉलमचा प्रकार बघतो, मग लॉगिनची भाषा, आणि चाचणीसाठी १२ च्या आतली तारीख घेतो, २५ वगैरे नाही.