अप्रेंटिस घ्यायचा आहे? मालकांसाठी पात्रता, नोंदणी आणि कराराची माहिती

अनुभवी माणूस मिळत नाही, अशी तक्रार जवळपास प्रत्येक वर्कशॉपमध्ये ऐकू येते. पण तो पहिला अनुभव कुणीतरी द्यायलाच हवा. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 आहे तो त्यासाठीच.

कंत्राटी कामगार धरून 30 किंवा जास्त माणसे असतील, तर अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के. म्हणजे 40 जणांच्या कारखान्यात किमान एक, जास्तीत जास्त सहा. माझे आग्रहाचे सांगणे लहान मालकांना आहे. सक्ती नाही म्हणून हा विषय सोडून देऊ नका. छोट्या जागी मुलाला काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला मिळते.

नोंदणी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते. आस्थापनेचा पॅन, नोंदणीचा पुरावा, कामगारसंख्या आणि संपर्कासाठी जबाबदार व्यक्तीचा तपशील हाताशी ठेवा. मग ट्रेड म्हणजे शिकवायचा व्यवसाय निवडून जागा जाहीर करायच्या. उमेदवाराचे वय 14 पूर्ण हवे, धोकादायक कामासाठी 18. त्याच्याकडून आधार, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. पदवी-पदविकाधारकांसाठी शिक्षण मंत्रालयाची वेगळी योजना आणि वेगळे पोर्टल आहे.

खरे महत्त्व कराराला. मालक आणि उमेदवार दोघांच्या सह्या, उमेदवार अज्ञान (18 वर्षांखालील) असेल तर पालकाची सही, आणि त्यानंतर कराराची नोंदणी. "आधी कामाला लागू दे, कागद नंतर बघू" असे करू नका. कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. म्हणून त्याला नगावर पैसे देता येत नाहीत, उत्पादन बोनसच्या योजनेत ओढता येत नाही आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय ओव्हरटाइमही लावता येत नाही. लेथवर दिवसभर एकच पिन कापत बसवलेला मुलगा शिकत नाही, हे कायद्यालाही कळते. कामावर इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकाचीच.

विद्यावेतन शिक्षणानुसार ठरते. ते पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत द्यायचे. दुसऱ्या वर्षी त्यात 10 टक्के वाढ होते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात विद्यावेतनाच्या 25 टक्के, महिन्याला कमाल 1500 रुपये, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरते. आधार जोडणीत नावाचे स्पेलिंग जुळत नसेल तर पैसे अडकू शकतात, म्हणून ते करारापूर्वीच तपासून घ्या.

मुदत संपल्यावर नोकरी द्यायचीच, असे कायद्याचे बंधन नाही. पण भरतीबाबत आस्थापनेने स्वतःचे धोरण ठरवायचे असते. ते पहिल्याच दिवशी मुलाला आणि घरच्यांना स्पष्ट सांगा.