डोळे, मणका आणि न थांबणारी उचकी: एनएमओची पार्श्वभूमी

कोल्हापुरात एका डोळ्याने अचानक अंधूक दिसू लागलं की माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. पाय लुळे पडले, लघवी अडली की मणक्याच्या. उचकी लागली तर कुणीतरी आठवण काढतंय म्हणायचं, आणि ती उलट्यांसह आठवडाभर टिकली तर पित्ताच्या गोळ्या. ही तिन्ही लक्षणं न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, या एकाच आजाराची असू शकतात; त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या मज्जासंस्थेवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना तो कितीतरी जास्त होतो.

फ्रान्समधल्या लियाँ शहरात यूजीन देविक यांनी 1894 मध्ये डोळ्याची नस आणि मज्जारज्जू दोन्ही सुजलेले रुग्ण एकत्र मांडले. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं हा आजार मल्टिपल स्क्लेरोसिसचाच (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणाऱ्या दुसऱ्या आजाराचा) एक प्रकार मानला गेला. ते कोडं 2004 मध्ये उलगडलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधक व्हांडा लेनन आणि जपानी सहकाऱ्यांना या रुग्णांच्या रक्तात एक वेगळं प्रतिपिंड (अँटिबॉडी) सापडलं. ते मेंदूतल्या ॲक्वापोरिन-4 या पाणी वाहून नेणाऱ्या प्रथिनावर हल्ला करतं, हे पुढच्याच वर्षी कळलं. माझ्या मते या आजाराच्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच. कारण मल्टिपल स्क्लेरोसिसची इंटरफेरॉन, फिंगोलिमोडसारखी औषधं एनएमओ बळावू शकतात. चुकीचं निदान म्हणजे नुसता उशीर नव्हे, अपाय.

निदानाच्या 2015 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी डोळे आणि मणका दोन्ही बाधित असण्याची अट काढली. प्रतिपिंड सापडलं, एक ठळक लक्षण असलं आणि दुसरी कारणं वगळली, की निदान होतं. एमआरआयमध्ये मज्जारज्जूची सूज सलग तीन किंवा अधिक मणक्यांएवढी लांब दिसली, तर शंका घ्यायलाच हवी. प्रतिपिंडाची रक्ततपासणी ‘सेल बेस्ड’ (पेशींवर केली जाणाऱ्या) पद्धतीची आहे ना, हे जरूर विचारा. ती जास्त भरवशाची.

झटका आला, म्हणजे आजार अचानक उसळला, की रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात आणि गुण आला नाही तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलतात. तपासणीचं रक्त त्याआधीच घेतलेलं बरं. पुढचे झटके टाळण्यासाठी 2019 पासून एक्युलिझुमॅब, इनेबिलिझुमॅब, सॅट्रलिझुमॅब या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळत गेली, पण त्यांच्या किमती आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपणाऱ्या नाहीत. म्हणून रिटुक्सिमॅब, ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंच इथे कामी येतात. ती वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. बरं वाटतंय म्हणून मनानेच बंद केली, तर पुढचा झटका उरलेली नजरही नेऊ शकतो.