आगगाडीतील प्रणय-गुन्हेपट

धावत्या आगगाडीत, किंवा मुख्यतः तिच्या आधाराने, प्रेमकथा आणि गुन्ह्याची कथा एकमेकींत गुंतवून सांगणारा चित्रपटप्रकार. दोन्ही कथा नुसत्या शेजारी-शेजारी असून भागत नाही. गुन्ह्यामुळे नायक-नायिका एका डब्यात सापडावीत, किंवा प्रेमाच्या ओढीने गुन्ह्याचा धागा हाती लागावा, अशी अट प्रस्तुत नोंदीत धरली आहे. त्यामुळे गाडीतले एखादे गाजलेले प्रेमगीत किंवा एखादा दरोडा एवढ्यावर चित्रपट या प्रकारात मोडत नाही. ‘शोले’च्या (१९७५) सुरुवातीचा मालगाडीवरील हल्ला या कसोटीवर बाहेर राहतो.

उगम : या प्रकाराच्या दोन धारा वेगवेगळ्या सुरू झाल्या. प्रणयाची धारा इंग्लंडमधील जी. ए. स्मिथ यांच्या ‘अ किस इन द टनेल’ (१८९९) या अगदी छोट्या पटापर्यंत मागे नेता येते. गाडी बोगद्यात शिरते, डब्यातले जोडपे चुंबन घेते, गाडी बाहेर पडते, कथा एवढीच. डब्यातले हे दृश्य इंजिनाच्या पुढून टिपलेल्या बोगद्याच्या चित्रणात मधोमध जोडायचे, अशी त्यामागची कल्पना होती. म्हणजे दृश्यांच्या जोडणीच्या इतिहासातही त्याला जागा आहे. बॅमफर्थ कंपनीचा याच नावाचा पट कोणी १८९९, तर कोणी १९०० चा मानतात. स्मिथ यांचा पट आधीचा असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. गुन्ह्याची धारा अमेरिकेत एडविन पोर्टर यांच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’पासून (१९०३) धरतात. त्यात दरोडा आहे, पाठलाग आहे, प्रेमकथा नाही.

दोन्ही धारा प्रथम कोठे मिळाल्या, याविषयी एकमत नाही. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘द लोनडेल ऑपरेटर’मध्ये (१९११) तारयंत्र सांभाळणारी तरुणी, तिचा इंजिनचालक प्रियकर आणि पैशांवर टपलेले चोर अशी तिन्ही अंगे आहेत. मदत पोहोचेपर्यंत ती हातातला पाना पिस्तुलासारखा रोखून चोरांना थोपवते. परंतु गुन्हा घडतो तो स्थानकात. गाडी फक्त धावून येते. ग्रिफिथ यांनीच पुढच्या वर्षी काढलेल्या ‘द गर्ल अँड हर ट्रस्ट’मध्ये (१९१२) चोर पेटी घेऊन रुळांवरच्या ट्रॉलीवरून पळतात, नायिका पेटीला चिकटून राहते आणि नायक इंजिनातून पाठलाग करतो. शेवटी दोघे इंजिनाच्या पुढच्या भागावर बसून एकच सँडविच वाटून खातात. गुन्हा, पाठलाग आणि प्रेम रुळांवरच घडत असल्याने १९१२ च्या पटाला अग्रमान देणे योग्य ठरेल. प्रवासी डब्यातल्या कथेचाच आग्रह धरला, तर मात्र बोलपटांच्या काळापर्यंत थांबावे लागते.

डब्याची रचना आणि कथानक : या प्रकाराचे कथानक बरेचसे डब्याची बांधणीच ठरवते. युरोपातील गाड्यांत एका बाजूने बोळ आणि त्यावर उघडणारे बंद कक्ष असत. दाराआड काय चालले आहे ते दिसू नये, पण बोळातून कोणीही सरकत जावे, अशी ही सोय लेखकांच्या पथ्यावर पडली. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’मध्ये (१९३८) चालत्या गाडीतून एक वृद्धा नाहीशी होते, इतर प्रवासी ती नव्हतीच असे सांगतात, आणि शोध घेता घेता एक तरुणी व एक संगीतज्ञ जवळ येतात. हा सारा प्रवास मुख्यतः सुमारे ९० फुटांच्या छोट्या जागेत उभा केला होता. त्यांच्याच ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’चा (१९५९) शेवट गाडी बोगद्यात शिरण्याने होतो, स्मिथ यांच्या पटाची आठवण व्हावी असाच.

भारतात पूर्वीच्या बहुतेक डब्यांना आतून एकमेकांत जाण्याची वाट नसे. पाठलाग करायचा तर पायरीवरून किंवा टपावरून. होमी वाडिया यांच्या ‘मिस फ्रंटियर मेल’मधील (१९३६) फिअरलेस नादिया यांची टपावरील मारामारी ही केवळ साहसाची हौस नव्हती, डब्याच्या रचनेचाही तो परिणाम असावा. स्टेशनमास्तर बापावर खुनाचा आळ आणि लेकीने तो धुऊन काढणे, हे त्याचे कथासूत्र आहे.

हिंदी चित्रपट : ‘हाफ टिकट’मध्ये (१९६२) अर्ध्या तिकिटासाठी पोर बनलेल्या नायकाच्या नकळत चोरीचा हिरा त्याच्याजवळ दडवला जातो आणि नायिकाही गाडीतच भेटते. ‘द ट्रेन’ (१९७०) हा रवीकांत नगाइच यांचा चित्रपट ‘कोचीन एक्सप्रेस’ (१९६७) या मल्याळम चित्रपटावरून बेतलेला. गाडीत पडणाऱ्या खुनांचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची प्रेयसीही त्यात संशयाच्या छायेत येते. ‘सोलवाँ साल’ (१९५८) सीमारेषेवर राहतो, कारण त्याची बरीचशी कथा गाडीबाहेर घडते. अलीकडचा ‘किल’ (भारतात प्रदर्शन २०२४) प्रेयसीसाठी गाडीत चढलेल्या कमांडोला दरोडेखोरांच्या कुटुंबकबिल्याशी भिडवतो.

सातारा-सांगली : पुणे–मिरज मार्ग १९७० च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेज होता. त्यानंतर मिरजेत ब्रॉड, मीटर आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरो अशी रुळांमधील अंतराची तिन्ही मापे एकत्र येत. रात्री-अपरात्री गाडी बदलणारे अनोळखी प्रवासी, ट्रंका, हमाल, चहावाले : या प्रकाराला लागणारा सगळा माल मिरजेच्या फलाटावर तयार होता. तरी मराठी ग्रामीण चित्रपटातले प्रेमिक बहुधा बैलगाडी आणि एस.टी.तच रमले. वाई परिसरात चित्रित झालेल्या हिंदी चित्रपटांपैकी ‘चेन्नई एक्सप्रेस’ (२०१३) या प्रकाराच्या जवळ जातो. त्यात गुंडांच्या तावडीतून सुटू पाहणारी नायिका धावत्या गाडीत चढते. वाईला मात्र रूळ नाहीत. पूर्वी महाबळेश्वरला जाणारे ज्या वाठारला उतरत, त्या गावाचे नावच ‘वाठार स्टेशन’ पडले आहे.

याच मार्गावर ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे स्वातंत्र्यलढ्यातील प्रतिसरकारच्या तुफान सेनेने (त्याच्या सशस्त्र दलाने) पगाराची रक्कम नेणारी गाडी रुळांवर दगड रचून अडवली आणि रक्कम ताब्यात घेतली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ (रामचंद्र श्रीपती लाड) हे या हल्ल्याचे म्होरके. ‘लूट’ हा शब्द कॅप्टन भाऊंना मान्य नव्हता. इंग्रजांनी लुबाडलेला जनतेचा पैसा परत आणला, असे ते सांगत. त्यामुळे या घटनेची गणना प्रस्तुत नोंदीतील ‘गुन्ह्या’त केलेली नाही.